सर्वांच्या मानाची टाकी

एका जंगलात, जिथला वाघ निवृत्त झाला होता आणि नवा नेमायची कुणालाच घाई नव्हती, तिथं गेनोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. गेनोबाकडं एक पिकअप गाडी होती. अस्वलाला गाडी कशी चालवता येते, असं विचारू नका, बाळांनो. तुमच्या रस्त्यावर जे चालवतात, त्यांना तुम्ही कधी विचारलंय?

जंगलात ठिकठिकाणी पाणवठे होते आणि पाणवठ्यांवर डिझेलची इंजिनं होती. एखादं इंजिन बंद पडलं, की गेनोबा पिकअप घेऊन जायचा, डिझेल ओतायचा, पाना फिरवायचा आणि पाणी सुरू करून यायचा. डिझेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये असे, हत्यारं गोणपाटात, आणि दुपारची भाकरी या दोघांच्या मधे.

"पारू, आज भाकरीला डिझेलचा वास येत होता गं," तो घरी येऊन बायकोला सांगे.

"भाकरीचं काय घेऊन बसलाय?" पारू म्हणे. "लग्न झाल्यापासून तुम्हालाच येतोय."

एकदा काय झालं, घाटातल्या वळणावर कॅन आडवा झाला आणि सगळं डिझेल सांडलं. गोणपाट फाटून निम्मे पाने दरीत गेले. गेनोबा वरच्या माळावर पोचला तो हात हलवत. वरच्या माळावर ना झरा ना ओढा. तिथं एक खोल विहीर होती आणि एक इंजिन. तिथल्या हौसा नीलगाईचं वासरू कोरड्या हौदाचा तळ चाटत होतं. खाली जाऊन सामान आणून इंजिन सुरू करेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. वासरू वाचलं, पण गेनोबाच्या डोळ्यांपुढून ते काही हलेना.

"हौसाताई, आता गाडीला टाकीच बसवतो," तो म्हणाला. "खाली डिझेल, वर हत्यारांची पेटी. पुन्हा अशी वेळ येणार नाही. शब्द देतो."

टाक्या विकणारा मुंगूस ओढ्याकाठी बसे. त्यानं एक टाकी पुढं ओढली.

"ही घ्या गेनोबा. पोलादी पत्रा. डिझेल डचमळू नये म्हणून आत पडदे. वर पेटी, पेटीला कुलूप. उंची इतकीच, की मागच्या काचेतून रस्ता दिसतो."

गेनोबानं टाकीवर टिचकी मारली. आवाज खणखणीत आला. त्याला हवी होती ती हीच.

"द्या बांधून."

"देतो की," मुंगूस म्हणाला. "पारावर विचारलंत ना?"

गेनोबाचा चेहरा पडला. बाळांनो, त्या जंगलाची एक रीत होती. कुणी काहीही घेतलं तरी आधी ते पारावर दाखवायचं, आणि तिथं जो जो काही सुचवील, त्याचं ऐकायचं. नाही ऐकलं तर मंडळी रुसत. त्या जंगलाला वणवा परवडे, रुसवा परवडत नसे. वणवा निदान पावसाळ्यात विझतो. एका केरसुणीवरून झालेला रुसवा तिथं तिसरी पिढी सांभाळत होती.

टाकी पारावर आली. पारावरचे सर्वांत वडील म्हणजे गवेआबा. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली.

"चांगली आहे. पण बारकी आहे."

"केवढी हवी, आबा?"

"माझ्याकडं बघून ठरव."

गेनोबानं आबांकडं बघितलं. मग पिकअपकडं बघितलं. पण बोलतो कोण? मुंगसानं मात्र लगेच माप घेतलं. पोटाचं आबांनी श्वास सोडून दिलं.

आबांचं ऐकलं म्हटल्यावर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? सशीण म्हणाली, पेटीला दोन दारं हवीत, एक आत जायला आणि एक पळून जायला. खेकड्याला झाकण आडवं सरकणारं हवं होतं. कासवानं पत्र्याची जाडी विचारली, ती ऐकून ते बराच वेळ हसलं आणि शेवटी पाठ वळवून म्हणालं, "पत्रा असा असतो." रानडुकरानं चिखलासाठी एक कप्पा मागितला. टाकीत चिखल कशाला, असं गेनोबानं विचारताच रानडुकराच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून कप्पा दोन केले.

"मागची काच झाकली जाईल हो," गेनोबा कळवळून म्हणाला. "मागचं काही दिसणार नाही."

"मागं कशाला बघायचं?" आबा म्हणाले. "नेहमी पुढं बघावं."

यावर टाळ्या पडल्या. गेनोबानंही वाजवल्या. न वाजवून जातो कुठं?

टाकी तयार व्हायला उन्हाळा अर्धा सरला. पिकअपवर ती चढवली तेव्हा गाडीची पुढची चाकं उचलली गेली. मग पुढं तोल सांभाळायला एक धोंडा बांधला. जुन्या कॅनना आता काय काम, म्हणून पारूनं ते कापून त्यात कढीपत्ता लावला. हत्यारं नव्या पेटीत नीट मांडून ठेवली. आता फक्त डिझेल भरायचं राहिलं होतं.

"डिझेल नंतर," आबा म्हणाले. "आधी पाटी."

पाटीवर टाकीत काही ना काही सुचवणाऱ्या सर्वांची नावं होती. लहान अक्षरात एकही बसेना, कारण लहान अक्षरात बसायला कुणीच तयार नव्हतं. त्यामुळे पाटी वाढत वाढत टाकीएवढीच झाली. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं आणि मुंगसानं चारी कोपऱ्यांचे नट पक्के आवळले. शेवटी आवळायला घेतलेला पानासुद्धा शिस्तीनं पेटीत जागच्या जागी ठेवून दिला. पहिलं दार पाटीमागं गेलं होतं, पण दुसरं होतं ना, सशिणीचं. मग तेही ओढून घेतलं, तर ते आतून बंद झालं. ते पळून जायचं दार होतं, आतून उघडणारं.

"आता डिझेल ओतू का?" गेनोबानं विचारलं.

"ओत की!"

गेनोबानं टाकीचं तोंड शोधलं. ते पाटीमागं होतं, रानडुकराच्या नावाच्या बरोबर मागं.

"पाटी जरा काढूया का?"

रानडुकराचा खालचा ओठ थरथरू लागला.

तेवढ्यात हौसा आली. डोंगर उतरून तिचे खूर सोलले होते, जीभ बाहेर आली होती. "गेनोबा, इंजिन बंद पडलंय. डिझेल संपलं. हौदात थेंब नाही. वासरू उठत नाहीये रे. चल!"

आबा पुढं झाले. "हौसाबाई, बरं झालं आलीस. पाटीवर वरच्या माळाचं नावच राहून गेलं बघ. अक्षर केवढं हवं?"

"नाव नको आबा," हौसा म्हणाली. "पाणी द्या."

"बघा!" आबा मंडळींकडं वळले. "मान दिला, तर घ्यायची रीत नाही."

गेनोबाला त्या क्षणी फार राग आला. आबांचा आला, पारावरच्या सगळ्यांचा आला, आणि आपण टाळ्या वाजवल्या याचा सगळ्यांत जास्त आला. पण बोलायला वेळ नव्हता, आणि डिझेल न्यायला कॅनही उरला नव्हता. पारावर कुणालाही न विचारता तो गाडीत बसला, हौसाला शेजारी घेतलं आणि निघाला. असं त्या जंगलात आजवर कुणी केलं नव्हतं.

रिकाम्या टाकीच्या वजनानं गाडी घाटात रडत होती. मागचं काही दिसत नव्हतं. माळावर पोचल्यावर गेनोबानं वासराच्या नाकाशी हात नेला. श्वास होता. मग त्यानं विहिरीवरचा नळीचा तुकडा घेतला, एक टोक गाडीच्या स्वतःच्या डिझेलमध्ये सोडलं आणि दुसरं तोंडात धरून ओढलं. डिझेल घशात गेलं. खोकत खोकत त्यानं हौसाची रिकामी बादली भरली आणि इंजिनात ओतली. इंजिन हूं की चूं करेना. कोरडं पडून त्यानं हवा धरली होती. हवा काढायला नट सैल करायचा, तर पाने पेटीत, आणि पेटी पाटीमागं. गेनोबानं नट दाढेत धरला आणि मान फिरवली. नट सैल झाला. दाढही झाली.

इंजिन धडधडलं. हौदात पाणी पडलं. वासरानं पहिल्यांदा नुसतं तोंड बुडवलं, मग ते प्यायला लागलं, आणि हौसा रडायला लागली. गेनोबाही रडला. दाढ दुखत होती म्हणून, असं त्यानं सांगितलं.

परतायला गाडीत डिझेल उरलं नव्हतं. तो चालत उतरला.

पारावर मंडळी वाटच बघत होती. टाकीनं वरच्या माळावर पाणी पोचवलं, ही बातमी कावळ्यानं आधीच आणली होती. टाकीच्या अभिनंदनाचा ठराव झाला. आबांना हार घातला, कारण माप त्यांचं होतं. मग गेनोबाचा विषय निघाला. तो न विचारता गेला होता.

"चुकलं," गेनोबा म्हणाला. त्याला घरी जायचं होतं.

"असू दे," आबा म्हणाले. "पोरबुद्धी."

घरी पारूनं भाकरी वाढली. गेनोबानं एका बाजूनं चावायला सुरुवात केली.

"पाणी आलं का?" तिनं विचारलं.

"आलं. पारू, आज भाकरीला डिझेलचा वास येतोय."

"भाकरीला नाही," पारू म्हणाली आणि त्याच्या गालावर गरम फडक्याचा शेक ठेवून शेजारी बसली. "उद्या कढीपत्ता काढते आणि एक कॅन सांधून घेते."

तात्पर्य: बाळांनो, कुठलीही वस्तू घेताना सगळ्यांना विचारावं. म्हणजे ती कामाला आली नाही, तरी कुणी रुसत नाही. आणि एखाद्यानं न विचारताच काम करून टाकलं, तर त्याला मोठ्या मनानं माफ करावं. पाटीवर मात्र त्याचं नाव घालू नये.