आधी पाय दाखवा

लोहाऱ्यात आमच्या शेजारी राहणारे हत्तुरे डॉक्टर माणसाचं तोंड नंतर पाहतात. कडेवर मूल असेल तर आधी त्याचे तळवे चाचपतात. तुळजापूरच्या एसटीत त्यांनी पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाळाचा पाय धरला. आई ओरडली, "ओ काका, काय चाललंय?"

"गार हाय. टोपी कुठं हाय?" म्हणत डॉक्टरांनी स्वतःच्या रुमालाला गाठी मारून टोपी केली. कंडक्टर ओळखीचा होता. तो म्हणाला, "घाला बाई गुमान. न्हाय तर गाडी थांबवायला लावतील."

कमी वजनाची बाळं खेड्यातल्या घरात उबदार कशी ठेवायची, यावर या बालरोगतज्ज्ञानं उभी हयात संशोधन केलं. परदेशी परिषदांहून लोक चॉकलेटं आणतात, हे लोकरीच्या टोप्या आणतात. लग्नाचं विचारलं तर "सवड झाली न्हाय" एवढंच सांगतात.

त्यांच्या संशोधनाचं सार सोपं आहे. बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायचं. आई आजारी असेल तर घरातल्या कुणाच्याही. शोधनिबंधात हे खपतं. आमच्या भागात पुरुष चारचौघांत स्वतःचं मूल उचलायलाही लाजतो.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर जवळच्या एका खेड्यात गेलो होतो. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, मूठभर बाळ. आई तापानं फणफणलेली. दोघांना दवाखान्यात हलवायला गाडी निघाली होती. ती येईपर्यंत बाळ गार पडलं तर हाती लागणार नव्हतं. तळवे गार झालेच होते.

"दत्तू, काढ सदरा," डॉक्टर बाळाच्या बापाला म्हणाले.

दत्तू खाली बघत राहिला. त्याची आई म्हणाली, "आमच्यात बाप्ये लेकरू बांधीत न्हाईत, डॉक्टरसाब. गाव हसंल."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. स्वतःचा सदरा काढला, बाळ छातीशी धरलं, म्हातारीच्या जुन्या लुगड्यानं बांधलं, वर घोंगडी ओढून बाजेवर बसले. दारात माणसं जमली.

"डॉक्टरसाब, कितवा म्हैना?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"भरत आलेत. डोहाळजेवण तुमच्याकडं करावं म्हनतो."

अंगण हसलं. दत्तूही हसला. गावाचं हसून झालं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. हळूहळू बाळाचे तळवे उबदार झाले. गाडी यायला अजून वेळ होता. दत्तूनं सदऱ्याची बटणं सोडली आणि तो बाजेसमोर येऊन उभा राहिला.

"द्या, डॉक्टरसाब. म्या बांधतो."

डॉक्टर यासाठीच तर आले होते. पण त्यांचा हात लुगड्याच्या गाठीकडे गेला नाही.

"झोपलंय रे आत्ताच," ते हळूच म्हणाले. "थांब की जरा."

मी बाजेच्या उशाशी उभा होतो. घोंगडीच्या फटीतून बाळ टक्क डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होतं.