अहो, बसा!

"सम्राट, बस!"

सम्राट बसला नाही. शिट्टीसरांच्या बुटाची नाडी चावायचं हातातलं काम अर्धवट टाकणं त्याला प्रशस्त वाटलं नसावं.

सर शाळेत कवायत शिकवायचे. त्यांची शिट्टी वाजली की अख्खं मैदान जागच्या जागी थिजायचं. मुलांनी 'शिट्टीसर' हे नाव काही उगाच ठेवलं नव्हतं. अशा माणसाला हे वीतभर पिल्लू काडीची किंमत देत नव्हतं. त्यात कुत्रं पाळायची सरांची ही पहिलीच वेळ. चित्रकलेच्या सरांच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक सर बायकोला न विचारता उचलून घेऊन आले, आणि तिथेच माशी शिंकली.

"रविवारपर्यंत ठेवा," घरच्या बाईंनी निकाल दिला होता. "तोवर तुमचं ऐकायला लागलं तर राहील. नाहीतर ज्यांचं त्यांना परत. घरात न ऐकणारं एक आहे तेवढं पुरे."

आज रविवार. चित्रकलेचे सर टोपली घेऊन कधीही टपकणार होते. आणि सरांचा जीव त्या पिल्लात असा काही गुंतला होता, की ते परत जाणार हा नुसता विचारही त्यांना सहन होत नव्हता.

"सम्राट, सावधान!" सर गरजले. सम्राटने नाडी सोडली आणि बूट धरला.

"अहो, बसा आता! किती वेळ उभे आहात?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

सर सवयीनं स्टुलावर टेकले. बघतात तर काय, पिल्लूही बसलेलं! कान टवकारून, स्वयंपाकघराकडे तोंड करून, एखाद्या हुशार विद्यार्थ्यासारखं.

सरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. बायको दिवसभर 'अहो' म्हणून हाक मारायची. 'अहो, या', 'अहो, बसा' झालं की ताट यायचं, आणि त्यातले निवडक घास सर तिची नजर चुकवून टेबलाखाली सोडायचे. पिल्लानं सरळ हिशोब केला होता. आपलं नाव 'अहो'. 'सम्राट' कुणीतरी तिसराच.

एवढ्यात चित्रकलेचे सर आले. टोपली सावरण्याच्या नादात त्यांनी फाटक उघडंच टाकलं आणि पिल्लू त्यांच्या पायांतून सुसाट रस्त्यावर!

सरांनी शिट्टी फुंकली. गल्लीत चेंडू खेळणारी पोरं खाडकन सावधानमध्ये उभी राहिली. सायकलवरून चाललेल्या एका माजी विद्यार्थ्यानं करकचून ब्रेक मारला. पिल्लू मात्र मोठ्या रस्त्याच्या दिशेनं धावतच होतं आणि तिकडून टेम्पोचा भोंगा ऐकू येत होता.

"सम्राट! अरे सम्राट!"

छे! भर रस्त्यात, विद्यार्थ्यांच्या देखत ती हाक मारायची म्हणजे... पण भोंगा पुन्हा वाजला, आणि सरांनी लाज गुंडाळून ठेवली.

"अहो! अहो, थांबा! अहो, बसा ना!"

भाजीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ दचकून थांबले. समोरच्या गॅलरीत पेपर वाचणारे आजोबा "आलो, आलो" म्हणत उठले. स्कूटर पुसणारा एक तरुण नवरा तर चक्क बसला. आणि कोपऱ्यावर, मोठ्या रस्त्याला दोन पावलं उरलेली असताना, पिल्लूही बसलं.

सरांनी धावत जाऊन त्याला छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. सावधानमधली पोरं पोट धरधरून हसत होती.

फाटकात बाई उभ्या होत्या.

"ऐकतं की हो तुमचं!" चित्रकलेचे सर खूश होऊन म्हणाले.

"यांचं कसलं? माझंच ऐकतं ते," बाई म्हणाल्या आणि शिट्टीसरांकडे वळल्या. "अट काय होती? तुमचं ऐकलं पाहिजे. हो ना?"

सरांना खोटं बोलायची सोयच उरली नव्हती. त्यांनी मान खाली घालून पिल्लू पुढे केलं. बाईंनी ते घेतलं, काखेत मारलं आणि टोपली पायानं मागे सरकवली.

"भाऊजी, टोपली रिकामीच न्या. इतक्या वर्षांत पहिल्या हाकेला येणारा 'अहो' मला आत्ता कुठे मिळालाय. तो कुठेही जात नाही. दुसरा न्यायचा असेल तर बघा."

चित्रकलेच्या सरांनी शिट्टीसरांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नको वहिनी," ते म्हणाले, "आमच्या घरी एक आहे तसला."