खैरनारांची बाही

जूनमध्ये चंडीगढचे डांबर मऊ पडते. त्या उन्हातही आमच्या वरच्या मजल्यावरचे खैरनार मनगटापर्यंत बाह्या बंद करून फिरतात. बटण तुटले, तर टाचणी लावतात. अर्ध्या बाहीतले खैरनार सेक्टर एकोणचाळीसमध्ये कोणी पाहिलेले नाहीत.

मूळचे ते धुळ्याचे. डेराबस्सीच्या एका रसायन कारखान्यात द्रावणांची तीव्रता तपासणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला. तपासणे सुटले नाही. कोणी "आता बरं वाटतंय" म्हटले, की खैरनार विचारतात, "किती टक्के?" एकदा त्यांनी दूधवाल्याला गाठले. "दूध में पानी कितने परसेंट?" तो शांतपणे म्हणाला, "अंकल जी, पानी में दूध पूछो, हिसाब आसान रहेगा." खैरनारांना राग आला नाही. सूचना त्यांना शास्त्रीय वाटली.

माझ्या पत्नीच्या पुरणपोळीला त्यांनी चौऱ्याऐंशी टक्के दिले. उरलेल्या सोळांबद्दल तिने त्यांना अद्याप क्षमा केलेली नाही.

माझी पुतणी मृणाल मोहालीत नोकरी करते आणि आमच्याकडे राहते. तिचे लग्न कोल्हापुरात ठरले. कॉलेजात असताना तिने एका मुलाचे नाव हातावर गोंदवून घेतले होते. मुलगा गेला, नाव राहिले. होणाऱ्या नवऱ्याला ते ठाऊक नव्हते. हळदीला सासरच्या बायका कोपरापर्यंत हात माखणार, तेव्हा ते सर्वांनाच ठाऊक होणार होते. म्हणून तिने इंटरनेटवरून केमिकल पीलची बाटली मागवली. कातडीचा वरचा थर सोलून काढणारे हे आम्ल.

ती कापूस घेऊन गच्चीत बसली, तेव्हा मी तिथेच पेपर वाचत होतो. खैरनार वाळत घातलेले कपडे काढायला आले.

"काय आहे ते?"

"पील आहे, काका. टॅटू जातो. पक्का."

"किती टक्के?"

"हंड्रेड परसेंट! लिहिलंय इथे."

"गुणाचे टक्के नकोत. आम्लाचे सांग."

बाटलीवर तेवढेच लिहिलेले नव्हते. खैरनारांनी ती उचलून खिशात टाकली.

"काका, यार, प्लीज! पुढच्या आठवड्यात हळद आहे."

"शाई खालच्या थरात असते, पोरी. हे वरचा जाळतं. खालपर्यंत पोचवायचं, तर हात द्यावा लागतो."

आणि त्यांनी बाहीचे बटण काढले.

मनगटापासून वर सगळी कातडी सायीसारखी आकसलेली होती. तिच्या कडेला एकच हिरवट अक्षर शिल्लक होते. ल.

"कमल," खैरनार म्हणाले. हे त्यांच्या दिवंगत पत्नीचे नाव. "जत्रेत गोंदवलं होतं. इथे आलो, तर साहेबांच्या बायका तिला हसायला लागल्या. ती म्हणाली, पुसून टाका. मी कारखान्यातलं आम्ल घरी आणलं."

"किती टक्के होतं?" मी विचारले.

"तेवढंच बघायचं राहिलं."

त्यांनी त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पट्टी रोज तीच बांधायची. रडायची, आणि मला शिव्या द्यायची."

मृणालने त्याच संध्याकाळी कोल्हापूरला फोन केला आणि सगळे सांगून टाकले. होणारा नवरा म्हणाला, "माझ्या दंडावर जिमचं बोधचिन्ह आहे. जिम बंद पडली." त्वचेच्या डॉक्टरांनी लेझर सुचवले, त्याला अनेक महिने लागणार होते. हळदीला नाव सर्वांनी पाहिले. सासूने तिथे हळद जरा जाड लावली, इतकेच.

लग्नाहून परतल्यावर मी खैरनारांना म्हणालो, "आम्ही तो डाग पाहिला आहे. आता अर्ध्या बाह्या घालायला हरकत नाही. लाजायचं काय त्यात?"

त्यांनी माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहिले.

"डागासाठी नाही हो. उन्हानं शाई फिकी होते."

त्यांनी बाही खाली ओढली आणि बटण चाचपून पाहिले. किती टक्के उरली आहे, असे मी विचारले नाही.