जीभ आत जात नाही

शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत शुद्धोबांनी जाहीर केलं, की व्हॅनचं दार म्हणजे अर्ध्या तासाचं काम. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून लोकांच्या चुका काढलेल्या माणसाला एका दाराची चूक सापडू नये?  बायकोने फक्त घड्याळाकडे पाहिलं.

शुद्धोबा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्याचे शब्द सुधारत राहिल्याबद्दल गल्लीने दिलेली ती पदवी होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, कपाट, म्हणजे चार चाकांवरचं घरच. बायकोला फिरवून आणायचं वचन लग्नापासून तसंच पडून होतं. पण पहिल्याच फेरीत एका वळणावर व्हॅनचं सरकतं दार आपणहून उघडलं आणि बायकोची बॅग, दोन उशा आणि तिचा सगळा उत्साह रस्त्यावर पडला. भर चौकात अनोळखी माणसांनी तिचे कपडे गोळा करून दिले. तिने घरी येऊन निकाल दिला: शनिवारी दुपारी बारापर्यंत दार नीट उघडलं आणि नीट लागलं तर ठीक, नाहीतर भंगारवाला गाडी घेऊन जाईल. त्याला वेळसुद्धा देऊन झाली होती.

 गाडी गेली तर वचनही गेलं, आणि आता नवीन वचन द्यायचं शुद्धोबांचं वय राहिलं नव्हतं.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी. 'लॅच' हा शब्द शुद्धोबा तोंडातच घेत नसत. त्यांच्या लेखी तो खटका. खटक्यातून जो लोखंडी तुकडा बाहेर येऊन चौकटीत अडकतो, ती जीभ. आणि दाराला रुळावर धरून ठेवणाऱ्या दोन दांड्या, ते दाराचे हात. गॅरेजवाल्याला त्यांनी एकदा काकुळतीने सांगितलं होतं, की हात निखळायला आलाय. त्याने बिचाऱ्याने आधी खुर्ची दिली, मग पाणी.

तर शुद्धोबा व्हॅनमध्ये शिरले. खटका खोलला, पुसला, परत बसवला आणि दार ओढून घेतलं. खट्ट. लागलं. इतकं सुरेख लागलं, की त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली. मग उघडायला गेले तर दार ढिम्म हलेना. मागच्या दाराला त्यांनी स्वतःच पलंग ठोकलेला, पुढे जायच्या वाटेत स्वतःच कपाट उभं केलेलं. म्हणजे बाहेर पडायच्या सगळ्या वाटा त्यांनी स्वहस्ते बंद केल्या होत्या.

तासभर झटापट झाल्यावर त्यांनी नाक मुठीत धरून बायकोला फोन लावला. ती वर, दुसऱ्या मजल्यावर. आपण अडकलोय हे सांगणं जिवावर आलं, म्हणून त्यांनी नुसती दाराची हकीकत सांगायला घेतली. फोन पलंगावर, दोन्ही हात खटक्यात आणि विजेरी दातांत धरलेली. त्यामुळे शब्द अगदी बोबडे येत होते.

"जीभ अडकलीये," ते म्हणाले. "आत जातच नाही."

 पलीकडून बायकोने विचारलं, "हात हलतोय का?"

शुद्धोबांना भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने योग्य शब्द वापरला होता.

"डावा अजिबात नाही. उजवा थोडा हलतो."

"कधीपासून?"

"झाला तासभर. तू घाबरू नकोस, मी जरा ठोकून..."

फोन बंद झाला. शुद्धोबा गोंधळले. बरं, ती खाली येऊन दार ओढेल म्हणावं तर तीही येईना. ती तिकडे रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभी होती, हे त्यांना कुठून कळणार? थोड्या वेळाने रुग्णवाहिकेचा आवाज आला. कोणावर काय वेळ आली असेल, असं म्हणत त्यांनी खिडकीच्या काचेला नाक लावलं. स्ट्रेचर उतरलं. इमारतीकडे न वळता सरळ व्हॅनकडे आलं. शुद्धोबांनी मागे वळून पाहिलं, की आत आणखी कोणी आहे का.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने दाराला हात घातला, किंचित वर उचललं आणि ओढलं. दार लोण्यासारखं उघडलं. आपल्या गाडीचंही असंच आहे, असं तो जोडीदाराला म्हणाला. तोवर बायको आत चढली होती. तिने शुद्धोबांचा डावा हात छातीशी धरला. 

"अहो, बोला काहीतरी. गाडी राहू दे. म्हणाल तिथे येते मी. फक्त बोला."

शुद्धोबा बोलणारच होते, पण 'गाडी राहू दे' ऐकलं आणि तोंड आपोआप मिटलं. काय चाललंय ते कळत नव्हतं, पण चाललंय ते बरं चाललंय, एवढं कळत होतं. मग तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मला काय झालंय?"

"काका, जीभ बाहेर काढा," रुग्णवाहिकावाला म्हणाला.

"बाहेरच आहे," शुद्धोबांनी खटक्याकडे बोट दाखवलं. "आत जात नाही, तीच तर तक्रार आहे."

बायकोने खटक्याकडे पाहिलं. मग शुद्धोबांकडे. मग त्यांचा हात खाली ठेवला, जरा जोरातच. रुग्णवाहिकावाले खाली मान घालून, खांदे हलवत निघून गेले.

बाराच्या ठोक्याला भंगारवाला आला. शुद्धोबा कपाटाआड उभे होते. बायकोने त्याला परत पाठवलं आणि आत येऊन सांगितलं, की शब्द दिला म्हणजे दिला, गाडी राहील. उद्यापासून दार उचलून ओढायचं. मग खटक्याकडे बोट दाखवून विचारलं, आणि याला काय म्हणायचं?

"लॅच," शुद्धोबा म्हणाले. अगदी शुद्ध उच्चारात.

पुढच्याच आठवड्यात दोघं निघाली. दार कुठल्याही वळणावर उघडलं नाही. पण तिसऱ्या सकाळी शुद्धोबा उठले ते त्या अरुंद पलंगावर मान आखडूनच. ती इकडे वळेना, तिकडे वळेना.

"अगं, मान हलत नाहीये," ते कण्हले.

बायकोने खिडकीबाहेरच्या तळ्यावरची नजरही काढली नाही.

"तेल घाला," ती म्हणाली.

मानेला तेल लावतात, घालत नाहीत, हे शुद्धोबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, आणि वाकड्या मानेनेच चहा प्यायले.