धाकट्या पेल्याच्या सुटकेची हकीकत

प्रथम नमन अग्नीस, मग उदकास, कारण येथे जे यश आले ते उभयतांचे प्रतापे आले. माणसांनी केला तो निव्वळ घोळ.

धाकटी सरकार, उमर वर्षे दोन, तीन दिवसांचे तापातून नुकती उठली होती, आणि पोटात घोटभर दूध गेले तरच अंगी बळ येणार होते, आणि दूध घेणे तर आपल्याच पोलादी पेल्यातून, ऐसा तिचा करारी हुकूम होता. दोन प्रहरी सरकार निद्रिस्त जाहली, मग आईसाहेबांनी क्षणभर पाठ टेकावी ऐसा मनसुबा केला, तो मोरीवरून खबर आली की घात जाहला.

घरधनी भांडी घासण्याचे कामी शूर, परंतु जागा वाचवावी म्हणून भांड्यात भांडे कोंबण्याचा त्यांस जुना शौक. त्यांनी कढत पाण्यातून निघालेल्या थोरल्या पेल्यात सरकारचा गार धाकटा बसविला, आणि थोरला निवत गेला, आणि आकसत गेला, आणि त्याने धाकट्यास काठासकट गिळून ऐसी मगरमिठी घातली की हवा शिरेना.

मग घरधन्यांनी सांडशी चालविली, ती निसटून अंगठ्याचे नख कामी आले. मग सासूबाईंनी फटीत तेल सोडले आणि ओट्यावर पेला पालथा आपटला, तो खोलीत सरकारने कूस बदलली, आणि तिघांचे श्वास जागचे जागी राहिले. आईसाहेब काही सुचवू गेल्या, तो सासूबाईंनी फर्माविले की आमची हयात आपटण्यात गेली, तुझे पुस्तक राहू दे. घरधन्यांस बरणीचे झाकण गरम पाण्याने सुटते इतके ठाऊक होते. त्या अर्ध्या विद्येचे बळावर त्यांनी उकळते पाणी थेट धाकट्याचे पोटात ओतले. धाकटा आतून फुगला आणि मिठी दुप्पट जाहली.

तेव्हां आईसाहेबांनी पदर खोचला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, फुगवायचा बाहेरचा. आतला आकसायला हवा."

मग तापाचे पट्ट्यांसाठी जमविलेला बर्फ फ्रीजमधून मागविला, तो धाकट्यात भरला, आणि थोरला कढत पाण्याचे पातेल्यात कंबरभर उभा केला, आणि शंभरपर्यंत आकडे मोजिले. सत्तराव्यास घरधनी हात घालू लागले, त्यांस नजरेने रोखिले. शंभर भरताच फडक्यात धरून उलटा केला, तो बर्फासह धाकटा आपण होऊन ओट्यावर उतरला. ते आवाजे सरकार जागी जाहली.

"माझा पेला?"

पेला हिमासारखा गार, म्हणून आईसाहेबांनी तो दोन्ही तळव्यांत आणि मग गालाशी धरून कोमट केला, आणि दूध भरले. सरकारने दोन घोट घेतले, तिसरा घेतला, मग पेला आईसाहेबांचे ओठांस लाविला.

"आता तू."

सकाळपासून आईसाहेबांचे पोटात पाणी नव्हते, हे तोवर कोणाचेच ध्यानी आले नव्हते. सासूबाई चहा ठेवण्यास उठल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपले पक्षी एक नख जाया; शत्रू कोणी नव्हताच. दोन्ही पेले वीतभर अंतर राखून पालथे ठेविले, मधल्या जागेवर सासूबाईंची नजर बसविली, आणि सरकारची निद्रा मोडल्याने आईसाहेबांची पाठ त्या दिवशी टेकायची ती राहिलीच, हेही लिहून ठेविले.