सव्वीस मिनिटांचं घर

घर कसं निवडावं हे या अख्ख्या शहरात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस मी! ही फुशारकी नाही. लोक घर बघायला जातात आणि काय बघतात? फरशा! खिडक्या! नळाला पाणी किती जोरात येतं! अरे बाबांनो, आंघोळीला लागतात दहा मिनिटं, आणि कामावर जायला-यायला तीन तास, त्याचं काय? मी एकोणीस वर्षं बस खात्यात वेळापत्रकं बनवतोय. बसथांब्यावर तो तक्ता असतो ना, कुठली बस किती वाजता सुटणार आणि कुठे किती वाजता पोचणार, तो माझा. त्या तक्त्याकडे बघून लोक काय काय बोलतात ते माझ्या कानावर आलेलं आहे, पण आपण विषयावर राहू.

विषय होता बायकोचा. ती एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. माणसाच्या आरपार बघायची तिला सवय आहे, आणि ही सवय ती संध्याकाळी हॉस्पिटलात ठेवून येत नाही. आमचं जुनं घर मोठं होतं, शेजार चांगला होता, स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांच्या पायावर पाय न देता उभी राहू शकायची. पण माझं ऑफिस एका टोकाला, तिचं हॉस्पिटल दुसऱ्या टोकाला, आणि घर तिसऱ्याच! दोघांनाही दीड-दीड तास. लग्नाच्या वर्षी हौसेने गॅलरीसाठी वेताच्या दोन खुर्च्या घेतल्या होत्या. सोळा वर्षांत त्यांच्यावर आमच्यापेक्षा वाळत घातलेल्या चादरीच जास्त बसल्या.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मला दागिने नकोत, सहली नकोत. संध्याकाळी उजेड असताना तुमच्यासोबत त्या खुर्चीत बसून एक कप चहा प्यायचाय. रोज. एवढं जमेल?"

"जमेल म्हणजे? हे तर माझं खातं!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. भिंतीवर शहराचा नकाशा लावला. ऑफिसला एक टाचणी, हॉस्पिटलला एक टाचणी. मग गळ्यात खात्याचं पिवळं ओळखपत्र, त्यावर लाल दोरीचं स्टॉपवॉच, काखेत जाडजूड रजिस्टर, अशा थाटात मी तीन महिने बसमधून हिंडलो. माझं स्टॉपवॉच जुनं आहे, दाबलं की 'टक्क!' असा आवाज येतो. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी मला 'घड्याळसाहेब' म्हणतात. मी चढलो की कंडक्टर रुमालाने सीट झटकायचा, ड्रायव्हर आरशातून नमस्कार करायचा. माझ्या कामाबद्दल लोकांना किती आदर आहे, हे बघून मला भरून यायचं!

आणि सापडलं! दोन्ही टाचण्यांच्या बरोबर मध्ये एक वस्ती. तिथून माझं ऑफिस सव्वीस मिनिटं. आणि सत्तेचाळीस नंबरच्या बसने तिचं हॉस्पिटलही सव्वीस मिनिटं! एकदा नव्हे, बेचाळीस वेळा मोजलं. बेचाळीसच्या बेचाळीस वेळा सव्वीस! दोघंही साडेपाचला सुटणार, सहाला घरी, आणि साडेसहापर्यंत ऊन.

बायकोला घर दाखवलं. पाचवा मजला. बाथरूमचं दार उघडलं की बेसिनवर आपटायचं. स्वयंपाकघरात एक माणूस मावायचा, तोही श्वास सोडलेला.

"कपाट कुठे ठेवायचं?" तिने विचारलं.

"कपाट काय घेऊन बसलीस? गॅलरी बघ! पश्चिमेला आहे!"

तिने गॅलरी बघितली. दोन खुर्च्या जेमतेम मावत होत्या. मग तिने माझ्याकडे तो एक्स-रेवाला कटाक्ष टाकला. "सव्वीस मिनिटं नक्की ना?"

"लेखी देऊ?"

लेखी दिलं! रजिस्टरचं पान फाडून, सही करून! मोठं कपाट तिने तिच्या बहिणीला देऊन टाकलं, आणि आम्ही तीन वर्षांचा करार करून राहायला आलो.

पहिल्या दिवशी मी पाच छप्पन्नला घरात. चहा टाकला, दोन कप मांडले, खुर्चीत बसलो. सहा वाजले. सव्वासहा. सूर्य मावळला. चहावर साय धरली. सहा पंचावन्नला किल्लीचा आवाज आला, आणि बायको पर्स टेबलावर टाकून मटकन खाली बसली.

"काय गं, ओव्हरटाइम?"

"साडेपाचच्या ठोक्याला बसमध्ये बसले होते."

"मग वाटेत उतरलीस कुठे?"

"मी कुठे उतरणार? बसच उतरली असेल!"

पहिला दिवस म्हणून मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशीही सहा पंचावन्न! तिसऱ्या दिवशी सात! सकाळी तर ती आठलाच घराबाहेर पडायला लागली. इकडे माझी बस मात्र रोज मला सव्वीस मिनिटांत आणून सोडत होती. मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? बेचाळीस नोंदी एका बाजूला आणि बायको एका बाजूला! मी सुज्ञपणे नोंदींची बाजू घेतली. ही माझी पहिली चूक.

"रोज तासभर जातो कुठे?" मी विचारलं. "मैत्रिणीकडे जात असशील तर सांग, मी काही म्हणणार नाही."

"मी कपाट देऊन टाकलंय," ती थंडपणे म्हणाली. "कपाट! कपडे पलंगाखाली ठेवतेय मी! आणि वर मलाच विचारता, तास कुठे जातो? उद्या या माझ्याबरोबर, आणि बघा डोळ्यांनी!"

गेलो! संध्याकाळी तिच्या हॉस्पिटलसमोरून तिच्याबरोबर सत्तेचाळीस नंबरमध्ये चढलो. कंडक्टरने सीट झटकली, ड्रायव्हरने आरशातून नमस्कार केला. आणि किती मिनिटं लागली असतील? सव्वीस! बायको खिडकीतून बाहेर असं बघत होती, जणू हा रस्ताच तिने कधी पाहिला नव्हता. मी नुसतं स्टॉपवॉच तिच्यापुढे धरलं. ही दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. सहा पंचावन्न!

पण या वेळी ती चिडलेली नव्हती. शांतपणे माझ्यासमोर बसली.

"अहो, उद्या पुन्हा या. फक्त, तुम्ही तुम्ही म्हणून येऊ नका."

"म्हणजे?"

"ते पिवळं कार्ड नको, रजिस्टर नको, ते घड्याळ गळ्यात नको. टोपी घाला, मफलर गुंडाळा, आणि मागच्या दाराने चढा. मी ओळख दाखवणार नाही."

उकाड्याचे दिवस! तरी कानटोपी, मफलर, काळा चष्मा असा मी चढलो. शेजारचा प्रवासी दोन सीट लांब जाऊन बसला. स्टॉपवॉच तेवढं खिशात ठेवलं होतं. सवय जात नाही हो! सीट कोणी झटकली नाही. उलट कंडक्टर म्हणाला, "ओ आजोबा, आत सरका!" आजोबा!

बस सुटली आणि पुढच्याच कोपऱ्यावर थांबली. कंडक्टर खाली उतरून इस्त्रीचे कपडे घेऊन आला. त्याच्या मेव्हण्याचे होते म्हणे. मग एक बाई ओरडल्या, "थांबा हो, माझी जाऊ येतेय!" बस थांबली. जाऊ लांब, पार बेकरीपाशी. बस जावेची वाट बघत राहिली. मग बसने मुख्य रस्ता सोडला आणि चक्क एका गल्लीत शिरली, कारण एका आजींचे गुडघे दुखत होते. त्यांना दारात सोडलं, त्यांनी आशीर्वाद दिला, बस उलटी-उलटी बाहेर आली. मग आली टपरी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, आणि पाठोपाठ निम्मी बस उतरली! सगळे बाकांवर बसून चहा प्यायला लागले. कोणाला घाई नाही, कोणाची तक्रार नाही. एक जण तर ड्रायव्हरच्या मुलाचं गणित सोडवून देत होता!

माझ्या अंगाची लाही लाही होत होती. थांबा किती वेळाचा आहे, हे तरी मोजावं म्हणून खिशात हात घातला आणि दाबलं. टक्क!

काय सांगू तुम्हाला! ड्रायव्हरच्या हातातला कप हातातच राहिला. "आला!" एवढंच तो म्हणाला. क्षणात सगळे बसमध्ये! मग ती सत्तेचाळीस नंबर जी सुटली ती सुटलीच! उरलेलं अंतर आम्ही नऊ मिनिटांत कापलं. कंडक्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरत होता, आणि पुढच्या सीटवरचा प्रवासी मला सांगत होता, "ओ आजोबा, तो आवाज आला की गाडी अशीच पळते. कोणीतरी घड्याळसाहेब आहे म्हणे. तो नसला की मग आपलं निवांत."

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी शहरभर बस मोजत फिरलो, आणि मोजलं काय, तर मला बघून बस किती घाबरते ते! माझी रोजची बस वेळेवर यायची तीही मी आत बसलेला असायचो म्हणून.

घरी आल्यावर मी कानटोपी काढली आणि बायकोपुढे मान खाली घालून उभा राहिलो. "चुकलो," म्हणालो. सोळा वर्षांत पहिल्यांदा. तिने मला चहा दिला, पण बाहेरचं ऊन गेलेलंच होतं. मग हात पुढे केला.

"ते घड्याळ द्या इकडे."

दुसऱ्या दिवशी तिने स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं. हॉस्पिटलसमोर बसमध्ये बसली, पर्समध्ये हात घातला. टक्क! पाच छप्पन्नला दारात किल्ली वाजली!

पुढचे पंधरा दिवस कसे गेले काय सांगू! रोज सहा वाजता दोन खुर्च्या, दोन कप, समोर केशरी ऊन. ती हॉस्पिटलातल्या गमती सांगायची, कोणी नाणं गिळलं, कोणी एक्स-रेला उभं राहताना केस विंचरले. मी तिच्याकडे बघत बसायचो. ही हसली की डाव्या गालावर खळी पडते हे मी विसरूनच गेलो होतो. उजेडच नव्हता ना कधी!

आता इथेच गोष्ट संपवायला काय हरकत होती? मी गप्प बसलो असतो तर! पण नाही. रात्रंदिवस मनाला एकच टोचणी. एकोणीस वर्षांचे तक्ते खोटे! अहो, थांब्यावर उभ्या असलेल्या लोकांना मी फसवतोय! प्रामाणिक माणसाला चैन कशी पडणार? बायकोला न सांगता मी कानटोपी घालून, साध्या मनगटी घड्याळावर दुपारची फेरी गुपचूप मोजली आणि चौदा पानी अहवाल लिहिला. सत्तेचाळीस नंबरला प्रत्यक्षात सव्वीस नव्हे, पंच्याऐंशी मिनिटं लागतात. थांब्यांची यादी जोडली. इस्त्री, जाऊ, गुडघे, टपरी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'तातडीने सुधारणा व्हावी.'

साहेबांनी अहवाल वाचला. खुर्चीतून उठून माझा हात हातात घेतला. "असं काम पाहिजे! किती वर्षं या बसबद्दल तक्रारी येतायत, उशिरा येते, उशिरा येते! तुम्ही मुळावरच घाव घातलात. उद्याच सुधारणा करतो!"

मला बढतीची स्वप्नं पडायला लागली. साहेब शब्दाला जागले. सुधारणा झाली, नवा तक्ता लागला!

त्या संध्याकाळी मी चहा टाकला. सहा वाजले. साडेसहा. अंधार पडला. सहा पंचावन्नला किल्ली वाजली.

"घड्याळ बिघडलं का गं?" मी विचारलं.

"घड्याळ उत्तम आहे," बायको म्हणाली. "मी तीनदा वाजवलं. शेवटी ड्रायव्हर उठून माझ्याजवळ आला, हात जोडून म्हणाला, ताई, वाजवू नका, मला पाप लागेल! आजपासून तक्त्यावर पंच्याऐंशी मिनिटं छापलीत. घड्याळसाहेबांनी स्वतः मोजून दिलीत. आता चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला पोचलो तरी मेमो! टपरीवरसुद्धा अठरा मिनिटं थांबायचंच, लेखी आहे!"

मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. दोन टाचण्या माझ्याकडे बघत होत्या.

"माझं म्हणणं काय होतं, सुधारणा व्हावी, पण..." मी सुरुवात केली.

"राहू द्या. घ्या हे तुमचं." तिने स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं, आणि त्याच्या शेजारी ते रजिस्टरचं फाटकं पान. माझ्या सहीचं.

आता सहा महिने होत आले. खात्याच्या नोंदीत सत्तेचाळीस नंबर ही शहरातली सगळ्यात वक्तशीर बस आहे. साहेबांना त्याबद्दल ढाल मिळाली. माझी बस अजून सव्वीसच मिनिटं घेते. तिच्याबद्दल मी अहवाल लिहिलेला नाही. माणूस शिकतो!

आणि बायको? ती अजिबात चिडत नाही हो. परवा हसत हसत घरात आली, गालावर खळी. मी म्हटलं, "थांब, चहा टाकतो."

"नको, झालाय माझा," ती म्हणाली. "रोजच होतो की. सव्वासहाला, टपरीवर. अठरा मिनिटं आहेत ना! ड्रायव्हरच्या मुलाचं गणित घेते मी हल्ली. आणि काय सुंदर ऊन असतं हो तिथे, बाकावर बसलं की अगदी समोर!"

मी गॅलरीत गेलो. एका खुर्चीवर चादर वाळत होती. दुसरीवर मी बसलो.