मर्ज केलेल्या दोन आया

"फोनने मर्ज करू का विचारलं, तर कधी हो म्हणू नकोस ताई. त्याला अक्कल नसते," असं धाकट्या भावाने नवा फोन हातात देताना बजावलं होतं. तिने ते उडवून लावलं. शब्दकोशाच्या कचेरीत सात वर्षं घासलेल्या बाईला या शब्दाचा अर्थ आता शेंडेफळाने शिकवायचा? कोशातली ती नोंद तिनेच लिहिली होती. मिक्स झालेली बटणं पुन्हा निवडता येतात, कम्बाइन केलेल्या दोन खोल्यांमध्ये भिंत पुन्हा उभी राहते. मर्ज म्हणजे मात्र दुधात विरघळलेली साखर, परत काढून दाखवा. यावरून ती प्रमुख संपादकांशी दोन दिवस भांडली होती आणि जिंकलीही होती.

बाळ दहा महिन्यांचं झालं आणि रजा संपली. सोमवारी नऊच्या ठोक्याला हजर नाही झालात तर खुर्चीवर दुसरं कुणी दिसेल, असं प्रमुख संपादकांनी अतिशय गोड आवाजात कळवलं होतं. बाळाला सांभाळायला सासूबाई सोमवारी सकाळी येणार, महिनाभर राहणार, हे पक्कं झालं होतं. तिच्या जिवाला घोर होता तो माहेरच्या आईचा. आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी जिने चढायला बंदी घातलेली, आणि हिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तरी आईचा हेका एकच, पहिल्या दिवशी मी येणारच.

शुक्रवारी बाळ कडेवर, भरवायचा चमचा दातांत, अशा अवस्थेत फोनने विचारलं: 'आई' नावाच्या दोन नोंदी आहेत, मर्ज करायच्या? आता लग्न झालेल्या बाईच्या फोनमध्ये 'आई' दोन असणार नाहीत तर काय? एक स्वतःची, एक नवऱ्याची. आजवर ती फोटोवरून ओळखायची. पण नेमका त्याच क्षणी बाळाने चष्मा ओढला आणि तिचा अंगठा 'हो'वर पडला. फोटो आईचा राहिला, नंबर पुढे आला सासूबाईंचा.

रविवारी संध्याकाळी तिने त्या फोटोवर बोट ठेवून खडसावून लिहिलं: 'उद्या अजिबात येऊ नकोस. तीन जिने चढायचं वय आहे का तुझं? पाय वर करून गप पडून राहा, नाहीतर मी बोलणार नाही तुझ्याशी.'

उत्तर आलं, 'बरं.'

इथेच तिला संशय यायला हवा होता. आई जन्मात कधी एका झटक्यात 'बरं' म्हणाली नव्हती.

सोमवारी आठ वाजले, सव्वाआठ झाले, सासूबाईंचा पत्ता नाही. नवरा पलंगाखाली मोजा शोधत म्हणाला, येईल गं, अडकली असेल रस्त्यात. आठ वीसला बेल वाजली. दारात कठडा धरून, घामाघूम, माहेरची आई.

"अगं, तुला येऊ नकोस म्हणून मेसेज केला ना?"

"मला कसला मेसेज? मला तर वाटलं, पोरीला आपली आठवणसुद्धा नाही."

तिने फोन काढला, तर आईच्या फोटोखाली नंबर सासूबाईंचा; कालचा मजकूर तिने त्यांच्या डोळ्यांनी पुन्हा वाचला. ज्या बाईशी सहा वर्षं 'तुम्ही'शिवाय एक शब्द बोलली नव्हती, तिला आपण वय काढून दम दिला होता. तिने लगेच त्यांना फोन लावला.

"पडलेय पाय वर करून," सासूबाई म्हणाल्या. "तूच ओरडलीस ना."

ती माफी मागायला लागली, तर त्यांनी मध्येच तोडलं.

"माफी कसली? वर्षभर दोन्ही गुडघे ठणकताहेत. घरात एकाने विचारलं नाही. तू रागावलीस ते बरं वाटलं बाई. आणखी चार दिवस पडू का?"

पडा, म्हणाली ती. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर मात्र तिचं डोकं फिरलं. आधी फोनवर, मग तो बनवणाऱ्यांवर, मग बाळाच्या दोन आज्यांच्या तीन दुखऱ्या गुडघ्यांवर आपल्या नोकरीचा डोलारा उभा करणाऱ्या स्वतःवर. आणि तेवढ्यात पलंगाखालून दोन धडधाकट गुडघे बाहेर आले, एका मोज्यासह. त्या गुडघ्यांना जिनासुद्धा चढायचा नव्हता. दहा महिन्यांत ते कुणाला आठवले नव्हते, त्यांच्या मालकाला तर नाहीच.

"आज तू थांब," ती म्हणाली.

"मी? मला ऑफिस आहे."

"मलाही."

नवऱ्याने आशेने आपल्या सासूकडे पाहिलं. खुर्चीतून उत्तर आलं, "जावईबापू, माझ्या पायाखाली ती उशी द्या. मग बाळाचं बघा."

ती नऊला दोन मिनिटं कमी असताना कचेरीतल्या आपल्या खुर्चीवर बसली होती.

तुम्हाला तिची एवढीच विनंती आहे. फोनमध्ये 'आई' एक असो की दोन, आज नंबर नीट बघून लावा आणि गुडघ्यांचं विचारा. 'बरं आहे' म्हणाल्या, तर विश्वास ठेवू नका.